सोबतीचा आकडा

सुरक्षा तपासणीच्या रांगेत उज्ज्वलाबाई शेट्ये अडून बसल्या त्या मनगटावरच्या घड्याळावरून.

२०४१ साल होतं. मुंबईच्या विमानतळावर आता तिकीट, पासपोर्ट कुणी हातात घेऊन बघत नसे; कमानीखालून चालत गेलं की चेहऱ्यावरून सगळं कळे. पण ते निळे ट्रे काही सुटले नव्हते. पट्टा, पर्स, घड्याळ, सगळं त्यात ठेवावं लागत होतं. आणि उज्ज्वलाबाई घड्याळ काढू देत नव्हत्या.

"आई, दोन मिनिटं फक्त. पलीकडे गेलं की लगेच परत," मुग्धा म्हणाली.

"माझं आहे ते. तुम्ही कोण?"

"मी मुग्धा. अगं, मी मुग्धा, आई."

उज्ज्वलाबाईंनी मनगट छातीशी घट्ट धरलं. मागची रांग चुळबुळायला लागली. मुग्धानं जरा जोर लावून त्यांचा हात धरला तशा त्या ओरडल्या. तेवढ्यात बरोबर आलेली सुगंधा पुढं झाली.

"बाई, घड्याळ मागं पडलंय की तुमचं. पाच मिनटं मागं हाय. बघू, लावून आणते."

"मागं पडलं?" उज्ज्वलाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "तास चुकेल माझा." आणि स्वतःच पट्टा सोडून त्यांनी घड्याळ सुगंधाच्या तळहातावर ठेवलं.

सुगंधानं ते ट्रेमध्ये टाकलं. मुग्धाकडे तिनं पाहिलंही नाही. आपण काही विशेष केलंय असं तिला वाटतच नव्हतं आणि मुग्धाला नेमकं तेच लागलं.

मुग्धा पन्नाशीची. पंचवीस वर्षांपूर्वी ती परदेशी, दूर उत्तरेकडच्या हाल्मविक या बंदराच्या शहरात गेली. समुद्रात उभ्या केलेल्या पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम ती बघायची. नवऱ्याशी पटलं नाही, मूलबाळ नव्हतं. आई रत्नागिरीत. उज्ज्वलाबाईंनी छत्तीस वर्षं शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. नवरा गेल्यावर त्या एकट्या राहिल्या आणि सहा वर्षांपूर्वी त्यांना विसर पडायला लागला. सुरुवातीला नावं, मग रस्ते, मग माणसं. तेव्हा मुग्धानं सुगंधा मांडवकरला चोवीस तासांसाठी ठेवलं. सुगंधा सत्तेचाळीस वर्षांची, जवळच्याच नाखरे गावची. रुग्णसेवेचा अभ्यासक्रम पुरा करून तिनं सरकारी ओळखपत्र मिळवलं होतं आणि त्याच्यावरच तिचं घर चालत होतं.

आता मुग्धा आईला कायमचं न्यायला आली होती. सुगंधा फक्त पोचवायला. तिचा व्हिसा एकवीस दिवसांचा होता.

"ही साडी आईची ना?" विमानाची वाट बघत बसल्यावर मुग्धानं विचारलं. सुगंधाच्या अंगावर हिरवी नारायणपेठी होती. ती साडी मुग्धानं दोनदा मागितली होती आणि आई म्हणाली होती, तुला तिथं कुठं नेसायला होतेय?

"व्हय. सकाळी बाईंनीच कपाटातनं काढली. नेस म्हणाल्या, परगावी चाललीयस." सुगंधा थोडी अवघडली. "तिथं गेल्यावर देते तुमच्याकडं."

"नको. असू दे," मुग्धा म्हणाली, आणि विमान सुटेपर्यंत तिची नजर पुन्हा पुन्हा त्या काठांकडे जात राहिली.

हाल्मविकला विमान उतरलं तेव्हा तिथली दुपार सरत होती. जून महिना, त्यामुळे ऊन मात्र चांगलं वर होतं. परदेशी नागरिकांच्या रांगेतून त्या तिघींना बाजूला काढून एका लांब, लाकडी जमिनीच्या दालनात नेण्यात आलं. मुग्धाला हे अपेक्षित होतं. गेले चार महिने ती याच चाचणीची धास्ती घेऊन जगत होती.

कागदपत्रांवरचा सगळ्यांचा विश्वास दहा वर्षांपूर्वीच उडाला होता. जन्माचा दाखला, लग्नाचे फोटो, वीस वर्षांच्या गप्पांचे संदेश, आईच्या आवाजातला निरोपसुद्धा, सगळं घरबसल्या बनवता यायला लागलं होतं. त्यातून एक वाईट धंदा उभा राहिला. म्हाताऱ्या, विसरभोळ्या माणसांना त्यांची मुलं किंवा मुलं म्हणवणारे लोक दुसऱ्या देशात घेऊन यायचे, घर नाहीतर पेन्शन नावावर करून घ्यायचे आणि कुठंतरी सोडून द्यायचे. ज्या माणसाला आज कुठला वार आहे हे आठवत नाही, त्याची संमती कशी घ्यायची? त्याला विचारून काय उपयोग?

मग हाल्मविक ज्या देशात होतं, त्यानं त्या माणसाच्या शरीराला विचारायचं ठरवलं.

यामागचं शास्त्र जुनंच होतं. खूप काळ एकमेकांबरोबर राहिलेली माणसं नुसती शेजारी बसली तरी त्यांचे श्वास हळूहळू एका लयीत यायला लागतात. मागोमाग हृदयाच्या ठोक्यांमधली अंतरंही जुळतात. एकाची नाडी जरा उसळली तर काही सेकंदांत दुसऱ्याची उसळते आणि एकाची शांत झाली की दुसऱ्याचीही होते. हे मुद्दाम करता येत नाही, कारण ते आपल्याला कळतच नाही. पूर्वी हे मोजायला अंगभर तारा लावाव्या लागत. नवं यंत्र भिंतीतून अतिसूक्ष्म लहरी सोडून छातीची केसाएवढी हालचालही टिपत असे आणि नाकाच्या शेंड्याचं तापमान लांबूनच वाचत असे, कारण माणूस घाबरला की तिथलं रक्त आधी मागे सरतं. सोळा मिनिटांच्या शेवटी शून्य ते शंभरमधला एक आकडा येई. त्याला एक अवघड नाव होतं, पण हाल्मविकमधली मराठी माणसं त्याला ‘सोबतीचा आकडा’ म्हणत. पंचावन्नच्या वर आला तर म्हाताऱ्या माणसाला त्या नातेवाइकाच्या घरी राहायची परवानगी मिळे. खाली आला तर परतीचं विमान.

अधिकारी बाईंचं नाव सोल्वेग होतं. पांढरे आखूड केस आणि शांत आवाज. मुग्धा तिच्याशी तिथल्या भाषेत बोलली. सुगंधाच्या कानात भाषांतराचं बटण होतं.

"हा म्हणतोय आपण आसनस्थ व्हावे," सुगंधा हळूच म्हणाली. "बसा म्हणायला काय होतं ह्याला?"

मुग्धा हसली नाही. ती आईला घेऊन आतल्या छोट्या खोलीत गेली. दोन खुर्च्या, एक खिडकी, बाकी काही नाही. ती समोर बसली, आईचे हात हातात घेतले, आणि मनात म्हणत राहिली, ओळख, ओळख, ओळख. आई तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत होती.

आकडा आला एकोणीस.

"नियमाप्रमाणे सोबत आलेल्या व्यक्तीबरोबरही मोजावं लागतं," सोल्वेग म्हणाली. सुगंधा आत गेली. मुग्धा काचेबाहेर उभी राहून बघत होती. सुगंधानं काहीच केलं नाही. तिनं पदरानं उज्ज्वलाबाईंच्या ओठाच्या कडेला लागलेली बिस्किटाची कणी पुसली आणि खिडकीबाहेर बघत बसली. पाचव्या मिनिटाला आईचे खांदे खाली आले. दहाव्या मिनिटाला आईचे डोळे मिटायला लागले.

आकडा आला एक्याऐंशी.

मुग्धाला तो आकडा कुणी कानफटात मारल्यासारखा लागला.

"यंत्रात काहीतरी गडबड आहे," ती म्हणाली.

"यंत्र प्रेम मोजत नाही," सोल्वेग म्हणाली. हे वाक्य तिनं बऱ्याच लोकांना सांगितलं असावं. "कोण जवळ असताना शरीर पहारा ठेवायचं थांबवतं, तेवढंच ते सांगतं. आणि पहारा दोन्ही बाजूंनी उठावा लागतो." मग तिनं पर्याय सांगितले. तीन तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा एकदा चाचणी देता येईल. किंवा सुगंधा मांडवकर यांना ‘सोबत-व्यक्ती’ म्हणून नोंदवता येईल. त्यांना दोन वर्षांचा परवाना मिळेल, आई त्यांच्याबरोबर राहील. मुग्धाचं नाव ‘यजमान’ या रकान्यात येईल.

यजमान. स्वतःच्या आईची यजमान!

विश्रांतीच्या दालनात तिघींना बाकं मिळाली. समोर मोठी काच होती आणि काचेपलीकडे पांढऱ्या सालीची उंच झाडं.

"दोन वर्सं मी राहायची नाय हां ताई," सुगंधा आधीच म्हणाली. "आमच्या लेकीचं, दीक्षाचं पयलं बाळंतपण ऑगस्टात. माझ्याकडं येणार ती. मला परत गेलंच पायजे."

"तुला कोण राहा म्हणतंय?"

सुगंधानं पिशवीतून औषधांचा डबा काढून मांडीवर घेतला. मग म्हणाली, "एक सांगू? राग नका मानू. बाईंना मी कधी ‘ओळखा बघू’ म्हणत नाय. ओळखायला लावलं ना, की त्या घाबरतात. परीक्षेला बसवल्यासारखं होतं त्यांना."

"माझ्या आईशी कसं वागायचं ते तू मला शिकवणार?"

"शिकवत नाय ओ. इचारलं नाय तुम्ही, तरी सांगितलं."

उज्ज्वलाबाई सुगंधाच्या खांद्यावर मान टाकून पेंगत होत्या. मध्येच त्यांनी डोळे किलकिले केले, सुगंधाच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "मुग्धा, चहा टाकलास का गं?"

"टाकते हां, आई," सुगंधा म्हणाली.

आई. एरवी ती ‘बाई’ म्हणायची. म्हणजे हे रोजचं होतं. रत्नागिरीच्या त्या स्वयंपाकघरात रोज कुणीतरी मुग्धा म्हणून हाक मारत होतं आणि रोज कुणीतरी ओ देत होतं, आणि खरी मुग्धा दर रविवारी पडद्यावर येऊन ‘कोण तुम्ही’ ऐकत होती. तिचं नाव, तिची साडी, तिची जागा. काही म्हणता काही उरलं नव्हतं.

डॉक्टरांनीच सांगितलं होतं की रुग्णाला चूक दाखवू नका, त्या ज्या नावानं हाक मारतील त्याला ओ द्या. तीन वर्षांपूर्वीच्या त्या बोलण्यात मुग्धा स्वतः होती. ‘हो, चालेल,’ असं तीच म्हणाली होती. हे सगळं तिला आठवत होतं. तरीही ती उठली आणि सोल्वेगच्या खिडकीपाशी गेली.

"मला तक्रार करायची आहे. त्या बाईनं माझ्या आईला माझं नाव तिच्यासाठी वापरायला शिकवलंय. आईला मुद्दाम माझ्यापासून तोडलंय."

सोल्वेगनं मान वर केली. "ही गंभीर तक्रार आहे. तुम्हाला तसं वाटतंय की माहीत आहे?"

"माहीत आहे. मी फोनवर स्वतः ऐकलंय."

तिनं काही ऐकलं नव्हतं.

त्यानंतर सगळं झपाट्यानं झालं. दोन कर्मचारी आले. सुगंधाचा फोन घेतला, पिशवी घेतली. भाषांतराच्या बटणातून तिला काहीतरी सांगण्यात आलं. ते ऐकून ती उभी राहिली, मुग्धाकडे बघून म्हणाली, "ताई, हे काय म्हणतायत? अनुचित प्रभाव म्हंजे काय?"

मुग्धानं दुसरीकडे पाहिलं.

उज्ज्वलाबाईंना खांदा निसटल्याचं कळलं आणि त्या जाग्या झाल्या. "मुग्धा कुठंय?"

"मी आहे ना आई."

"तू नाहीस. मुग्धा! मुग्धा!"

पुढचा तास मुग्धा आयुष्यात विसरणार नव्हती. आईनं तिच्या हातावर ओरखडे काढले. पाण्याचा ग्लास फेकला. मग घाबरून त्यांचे कपडे ओले झाले, तेव्हा मुग्धा त्यांना धरून प्रसाधनगृहात घेऊन गेली. कुठलं आधी सोडायचं, कुठं धरायचं, तिला काही कळत नव्हतं. आई थरथरत होती आणि लाजेनं तोंड फिरवून घेत होती. परक्या बाईसमोर कपडे बदलावे लागत होते तिला. मुग्धाच्या ते तेव्हा लक्षात आलं. ती परकी होती, खरंच परकी होती आणि परकी बाई ‘ओळख, ओळख’ म्हणत अंगाला झोंबत होती.

कोरडं पातळ नेसवून तिनं आईला काचेसमोर बसवलं. स्वतः बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली, मध्ये दोन हात अंतर ठेवून. ती इतकी दमली होती की काही सिद्ध करायची ताकद उरली नव्हती.

"मुग्धा येतेय," ती एवढंच म्हणाली. "तोवर मी बसते इथं. चालेल?"

उज्ज्वलाबाईंनी तिला जरा निरखलं. "बसा की. बाक काय माझ्या वडिलांचा आहे?"

मग मुग्धानं बाहेर बोट दाखवलं. "ती झाडं कसली, हो? साल कागदासारखी सुटलीय."

"भूर्जाच्या जातीतलं आहे," आई लगेच म्हणाली. आवाज एकदम वर्गातला झाला. "पूर्वी लिहायचे त्यावर. पांढरी का असते सांगा?"

"नाही माहीत."

"ऊन परतवायला. थंडीत एका बाजूनं ऊन आणि दुसऱ्या बाजूनं बर्फ, मग साल तडकते. पांढरी असली की तापत नाही. झाड हुशार असतं, बोलत नाही म्हणून आपल्याला वाटतं…" त्यांना पुढचा शब्द सापडेना. मुग्धानं तो पुरवला नाही. ती थांबली. आईही थांबली, आणि मग दोघी नुसत्या झाडांकडे बघत राहिल्या.

"तुम्हाला आई आहे?" जरा वेळानं उज्ज्वलाबाईंनी विचारलं.

"आहे."

"बरं असतं असली की. माझी मुलगी जाणार होती परदेशी. मोठी नोकरी लागली होती. पण नाही गेली हं. राहिली माझ्यापाशी." त्यांचा चेहरा अभिमानानं फुलला. "मी अडवलं नाही. तीच राहिली."

आईच्या मनात एक मुग्धा होती, जी गेलीच नव्हती. ती रोज चहा टाकत होती. हा मत्सर सुगंधाचा की त्या न गेलेल्या मुग्धाचा, हे तिला सांगता आलं नसतं. तिनं नुसतं म्हटलं, "चांगली मुलगी आहे तुमची."

"आहेच," आई म्हणाली.

तीन तास झाले तेव्हा सोल्वेगनं त्यांना आत बोलावलं. या वेळी मुग्धानं आईचे हात धरले नाहीत. खुर्ची जरा तिरकी करून ती खिडकीकडे तोंड करून बसली. आई पानांच्या कडांबद्दल काहीतरी सांगत होती, मध्येच विसरत होती, पुन्हा सांगत होती. सोळा मिनिटं झालेली मुग्धाला कळलीच नाहीत.

आकडा आला एकसष्ट.

"अभिनंदन," सोल्वेग म्हणाली. प्रथमच ती किंचित हसली. "असं क्वचित होतं. आता इथं अंगठा. हा तुमच्या आईंचा परवाना." तिनं दुसरं पान पुढं सरकवलं. "आणि इथं तक्रार कायम असल्याचा. त्या बाईंना उद्याच्या विमानानं परत पाठवू. त्यांच्या नावापुढं नोंद राहील. अशा नोंदी सगळ्या देशांना कळतात, त्यामुळे त्यांचं रुग्णसेवेचं ओळखपत्र तिकडे गोठवलं जाईल."

मुग्धानं पहिल्या पानावर अंगठा ठेवला. एकसष्ट! तिला तो आकडा कुणालातरी दाखवावासा वाटला. कुणालातरी कशाला, सुगंधालाच. बघ, तुझ्याशिवाय.

काचेच्या पलीकडच्या खोलीत सुगंधा बसली होती. मांडीवर औषधांचा डबा होता. तो तिनं दोन्ही हातांनी धरला होता. तिच्या अंगावरची नारायणपेठी चुरगळली होती.

"ती काही म्हणाली का?" मुग्धानं विचारलं.

"तक्रारीबद्दल म्हणाली की खोटं आहे. आणि विचारत होती, की बाईंनी सहाची गोळी घेतली का. रिकाम्या पोटी देऊ नका म्हणाली. तीन वेळा विचारलं. चौकशी चालू असताना आम्हाला निरोप पोचवता येत नाही."

सहाची गोळी मुग्धा विसरली होती. मुळात अशी काही गोळी असते हेच तिला माहीत नव्हतं.

आधी तिला राग आला. इथंही हिचंच घोडं पुढं! मग तिनं दुसऱ्या पानाकडे पाहिलं. एक अंगठा, आणि ही बाई तिच्या आयुष्यातून कायमची गेली असती. आईच्या तोंडातलं ते नाव हळूहळू मोकळं झालं असतं. कुणाला कधी कळलं नसतं. आणि नाखऱ्याला ऑगस्टमध्ये बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू करताना सुगंधा विचार करत राहिली असती, की आपलं चुकलं कुठं.

"मी खोटं बोलले," मुग्धा म्हणाली.

सोल्वेगनं दुसऱ्या पानावर हात ठेवला.

"मी फोनवर काहीही ऐकलेलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ती आईच्या हाकेला ओ देते. मला ते माहीत होतं. मला सहन होत नव्हतं, म्हणून बोलले."

"याचा अर्थ तुम्हाला कळतोय?" सोल्वेगनं सावकाश विचारलं. "खोट्या तक्रारीनंतर घेतलेली चाचणी रद्द होते. तुम्हाला तीन वर्षं कुणालाही आणता येणार नाही."

"कळतंय."

सोल्वेगनं एकसष्टचं पान परत ओढून घेतलं.

सुगंधाला सगळं सांगायचं काम मुग्धानं भाषांतराच्या यंत्रावर सोपवलं नाही. तिनं स्वतः सांगितलं. सुगंधा ऐकत होती आणि तिचा चेहरा दगडासारखा होत गेला.

"सहा वर्सं," ती शेवटी म्हणाली. "सहा वर्सांत मी आमच्या दीक्षाचं लग्न सोडून एक दिस सुट्टी घेतली नाय. आणि तुम्ही मला परक्या मुलखात चोर ठरवलंत."

"चुकले मी, सुगंधा."

"चुकलात ते मला दिसतंय. त्याचं मी काय करू?" तिनं डबा उघडला, पाकिटातून दोन बिस्किटं काढून उज्ज्वलाबाईंच्या हातात दिली, त्या खाईपर्यंत थांबली आणि मग गोळी दिली. मुग्धा बघत राहिली. आधी बिस्किट, मग पाणी, मग गोळी, पुन्हा पाणी.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानानं उज्ज्वलाबाई आणि सुगंधा परत निघाल्या, आणि मुग्धानंही तिसरं तिकीट काढलं. कामावरून तिनं तीन महिन्यांची बिनपगारी रजा मागितली होती. विमानात शिरायच्या रांगेत ती सुगंधाच्या मागे उभी होती.

"ऑगस्टमध्ये तू दीक्षाकडे असशील तेव्हा आईजवळ कोण राहणार?" तिनं विचारलं.

"बदली बाई बघायला लागंल."

"मी राहते."

सुगंधानं वळून पाहिलं. "त्या तुम्हाला मुग्धा म्हणणार नायत, ताई. आधीच सांगते."

"माहितेय."

"आन मला काल जे बोललात ते मी विसरणार नाय. बाईंसाठी येतेय मी. तुमच्यासाठी नाय."

"बरं," मुग्धा म्हणाली.

जून-जुलैभर सुगंधानं तिला सगळं दाखवलं. बोलणं कामापुरतंच. अंघोळीचं पाणी किती कोमट, भात किती मऊ, संध्याकाळी आई दाराशी येरझाऱ्या घालायला लागली की काय करायचं. मुग्धाला जमत होतं, चुकत होतं. आई तिला कधी ‘अहो’ म्हणायची, कधी ‘त्या झाडवाल्या बाई’. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुगंधा गावी गेली.

नवव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तिचा फोन आला.

"मुलगी झाली, ताई! दीक्षा बरी हाय. बाळ पण." तिचा आवाज आनंदानं फाटला होता. मुग्धाशी कामापुरतंच बोलायचं, हा निश्चय ती बहुधा विसरली असावी. "बाईंना सांगायचं होतं. देता?"

उज्ज्वलाबाई समोरच बसल्या होत्या. जास्वंदीचं फूल मांडीवर घेऊन एकेक पाकळी सुटी करत होत्या. नऊ दिवस त्या मुग्धाच्या हातचं जेवल्या होत्या. आज सकाळी, पहिल्यांदाच, त्यांनी आपणहून तिचा हात धरून अंगणात नेलं होतं. एकदा तो आवाज ऐकला की हे सगळं पुसलं जाणार, हे मुग्धाला माहीत होतं.

"झोपल्यात," ती म्हणाली.

"या टायमाला?" मग सुगंधा म्हणाली, "बरं. उठल्या की सांगा."

मुग्धानं फोन टेबलावर ठेवला.

"कोण होतं हो?" आईनं विचारलं.

"कुणी नाही" हे शब्द जिभेवर तयार होते. मुग्धानं आईकडे पाहिलं. आई तिच्याकडे अगदी विश्वासानं बघत होती. जे सांगाल ते खरं मानीन, अशा नजरेनं. मुग्धाला स्वतःचीच भीती वाटली. तिनं फोन उचलला आणि परत लावला.

"उठल्या," ती म्हणाली, आणि फोन आईच्या हातात दिला.

"हॅलो?" उज्ज्वलाबाईंनी ऐकलं मात्र, मांडीवरचं फूल खाली पडलं. "मुग्धा! अगं कुठायस तू? किती वेळ वाट बघतेय मी!"

मुग्धा गॅलरीत जाऊन उभी राहिली. तिथून शब्द कळत नव्हते, नुसतं आईचं हसणं ऐकू येत होतं. छातीत तेच जुनं दुखत होतं आणि ते कमी झालेलं नव्हतं. आत जाऊन फोन घ्यावा, ‘पुरे आता’ म्हणावं, असं तिला दोनदा वाटलं. दोन्ही हातांनी कठडा धरून ती तिथंच उभी राहिली, आईचं बोलून होईपर्यंत.